कवड्याचे पट्टे

मुंबई राज्याचं महाराष्ट्र होऊन थोडेच दिवस झाले होते. मी मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि संशोधनासाठी रजा काढून मालवणच्या खाडीपलीकडच्या एका गावात मामाकडे येऊन राहिले होते. मामा तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षक. घरात तो, मामी आणि मी, एवढीच माणसं. त्यांची एकुलती एक मुलगी सावंतवाडीला शिकायला होती.

प्राण्यांच्या अंगावरचे रंग कसे घडत गेले, हा माझा विषय. त्यातही मी दोन साप निवडले होते. एक मण्यार. काळाभोर, अंगावर पांढरे आडवे पट्टे. आमच्याकडे तिला कांडर म्हणतात. तिचं विष नागाच्या विषापेक्षा जहाल, आणि वाईट असं की ती चावली तरी फारसं दुखत नाही. माणूस मुंगी चावली म्हणून सोडून देतो आणि काही तासांत त्याच्या पापण्या मिटायला लागतात. दुसरा कवड्या. हा पूर्ण बिनविषारी, घरात पाली खात हिंडणारा. पण त्याच्याही अंगावर तसेच आडवे पट्टे, आणि किनाऱ्याकडचे काही कवडे तर इतके गडद की पटकन पाहिलं तर मण्यारच वाटावी. या सारखेपणाचा कवड्याला काही फायदा होतो का, घार-मुंगसासारखे शिकारी त्याला मण्यार समजून सोडतात का, हे मला तपासायचं होतं.

त्यासाठी मी गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या शाळेतून माती आणून साप केले होते. काही साधे तपकिरी, काहींवर काजळी आणि चुन्याने काढलेले पट्टे. ते काजूच्या झाडांखाली आणि कातळाच्या उघड्या सड्यावर ठेवून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी कोणावर चोचीच्या नि दातांच्या खुणा उमटल्या ते बघायचं. साध्या सापांवर खुणा जास्त दिसत होत्या. मी खूश होते. गाव मात्र खूश नव्हतं. गणपतीच्या मातीचे साप करून रानात मांडणारी बाई त्यांना पसंत पडणं कठीणच होतं. त्यात मी मागच्या पडवीत जाळीच्या पेट्यांमधून जिवंत कवडे ठेवले होते. शेजारचे काका तर एकदा मामाला स्पष्टच म्हणाले, "मास्तर, पावण्यांका घराक बोलावतत, सापांका नाय." मामा हसला, पण त्या दिवसापासून पडवीत जाईनासा झाला.

पाऊस सरून नवरात्र जवळ आलं होतं. पहाटे मामी न्हाणीत पाणी तापवायला उठली. अजून नीट उजाडलं नव्हतं. मी अंथरुणातच होते, तेव्हा तिची हाक आली. हाक मोठी नव्हती, उलट नेहमीपेक्षा हळूच होती.

"बाय गो, जरा हयसर ये. माका कायतरी चावला."

मी धावले. मामी न्हाणीच्या दारात उभी होती, उजवा हात पुढे धरून. लाकडं काढायला तिने ढिगात हात घातला होता. मामा कंदील घेऊन आला, त्याच्या मागोमाग हाक ऐकून शेजारचे काका आले. मी मामीचा हात उजेडात धरण्याच्या आतच काकांनी कोनाड्यातलं मामाचं दाढीचं पातं उचललं आणि बोटावर जिथे चावलं होतं तिथे दोन चिरा मारल्या. मग सुंभ घेऊन दंड करकचून बांधला. हे सगळं त्यांनी जीव वाचवायला म्हणून केलं, आणि त्या काळी सगळे तेच करत. पण मला बघायच्या होत्या त्या दातांच्या खुणा रक्तात गेल्या. कवड्याचे दात बारीक आणि पुष्कळ असतात, चावला की ओरखडे उठतात. मण्यारीच्या खुणा टाचणीच्या टोकाएवढ्या, त्याही धड दिसत नाहीत. आता तिथे फक्त पात्याच्या चिरा होत्या.

तेवढ्यात काकांना भिंतीच्या कडेला साप दिसला. त्यांनी लाकडानेच तो ठेचला. मी थांबा म्हणेपर्यंत त्याचं डोकं राहिलं नव्हतं.

"कांडरच ती," काका म्हणाले. "पट्टे बघलंय मी." आणि मारलेला साप जाळायचा असतो म्हणून त्यांनी तो तसाच न्हाणीच्या चुलीत, रात्रीच्या निखाऱ्यांवर सरकवला.

मी सांडशीने तो बाहेर ओढला. पुढचा अर्धा भाग कोळसा झाला होता. शेपटीकडचा भाग काळवंडला होता, पण शाबूत होता. मी तो पाण्याने धुऊन कंदिलाखाली धरला. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग असते, मानेपासून शेपटीपर्यंत. कवड्याला ती नसते. शिवाय मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक होतात, कवड्याचे पुसट. माझ्या हातातल्या तुकड्यावर मोठे खवले नव्हते, पट्टेही विरत गेले होते. पण काजळीने पट्टे विरल्यासारखे दिसत नव्हते ना? मी पुन्हा धुतला, बोटाने पाठीवरून चाचपला.

"कवड्या आहे," मी म्हणाले. "याला विष नसतं."

मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. "तुझ्या पेटयेतलो नाय मां?"

मी पडवीत गेले. एकेक पेटी पाहिली. सगळ्यांच्या कड्या लागलेल्या होत्या, सगळे साप जागेवर होते. एखादी पेटी उघडी सापडली असती तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं. मग मामीला चावला तो माझ्याच पेटीतला, म्हणजे नक्की कवड्या, असं छातीठोकपणे म्हणता आलं असतं. गावाने मला हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. मी मामाला सांगितलं, "माझे सगळे आहेत."

त्याने खुर्ची आणली, मामीला तिच्यात बसवलं आणि तो नि काका खुर्ची उचलून खाडीकडे निघाले. सापाचा तुकडा पत्र्याच्या डब्यात घालून मी मागून चालले. मामी चालली असती, पण मीच नको म्हटलं. विष असेल तर चालण्याने लवकर चढेल. असेल तर, हे मीच म्हणत होते.

भरती ओसरली होती. होडी धक्क्यापर्यंत येत नव्हती. होडीवाले चाचा चिखलातून पुढे आले आणि तिघांनी खुर्ची खांद्यापर्यंत उचलून होडीत ठेवली. होडी पाण्यात निघाली. मामीचा हात काळा-निळा पडत चालला होता. तो आवळलेल्या सुंभामुळे की कशामुळे, हे सांगता येत नव्हतं. सुंभ सैल करायला मी हात पुढे केला तर काकांनी माझं मनगट धरलं.

"सोडू नको. सोडलंस तर थेट काळजाक जायत."

मी हात मागे घेतला. विष नाही असं मी म्हणत होते, पण ती गाठ सोडायचं धैर्य मला झालं नाही.

मामी मात्र शांत होती. वल्ह्याकडे बघत म्हणाली, "माका मरूचा नाय आसा, बाय. सावंतवाडीच्या चेडवाचा लगीन रवला आसा."

मालवणच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घाटावरचे होते. चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मामीला खाटेवर निजवलं, बोट पाहिलं, चिरा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. मग मामाला विचारलं, "यांना दुसरा काही आजार?"

"दमा आहे," मामा म्हणाला. परक्या माणसासमोर तो शाळेतलं मराठी बोलायचा.

डॉक्टरांनी मामीची छाती तपासली. मग मला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेले. "सर्पदंशाची लस माझ्याकडे आहे. पण ती घोड्याच्या रक्तापासून केलेली असते. काहींना ती सोसत नाही. दमेकऱ्यांना तर फारच जपून द्यावी लागते. गेल्या वर्षी माझ्या हातात एक माणूस सापाने नाही, लशीने गेला. विष असेल तर मी ही जोखीम घेईन, डोळे झाकून घेईन. नसेल तर नाही. तुम्ही सापांवर काम करता असं तुमचे मामा म्हणाले. सांगा, कोणता होता?"

मी डबा उघडला. दिवसाच्या उजेडात आता काही शंका उरली नाही. "हा कवड्या आहे," मी म्हणाले. "याबद्दल माझी खात्री आहे."

"आणि चावला तो हाच?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी काकांना विचारलं की चावताना साप त्यांनी पाहिला होता का.

काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या पायांवरचा खाडीचा चिखल वाळला होता. "माका म्हायत नाय," ते म्हणाले. "मी इलंय तेवा तो भितीकडे होतो. हाताक चावताना मी बघूक नाय."

"मामी, तू पाहिलास?"

"काळोख होतो गो. लाकडांत कायतरी हलला, इतक्याच."

लाकडांचा ढीग न्हाणीच्या एका बाजूला होता आणि भिंत दुसऱ्या बाजूला. त्या ढिगात मण्यार असू शकत होती. उंदरांच्या वासाने आलेला साप, पालींच्या मागावर आलेला साप, दोन्ही एकाच न्हाणीत असणं अशक्य नव्हतं. माझ्या हातातला तुकडा मेलेल्या सापाबद्दल सगळं सांगत होता, पण मामीला चावलेल्या सापाबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं. मी ते डॉक्टरांना तसंच सांगितलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "थांबायचं. मी लस पाण्यात विरघळवून सुईत भरून ठेवतो. पापणी खाली उतरायला लागली, घास-पाणी गिळता येईना, की टोचणार. तोवर यांना झोपू देऊ नका. बोलत ठेवा."

त्यांनी दंडावरचा सुंभ हळूहळू सैल केला. काका तोंड फिरवून बाहेर गेले. हाताचा निळेपणा उतरताना आम्ही सगळे मामीच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. काही झालं नाही. पण मण्यारीच्या विषाचा परिणाम तसा लगेच दिसतही नाही, हे मला माहीत होतं आणि मामाला माहीत नव्हतं. त्याने सुस्कारा सोडला. मी सोडला नाही.

बोलत ठेवायचं म्हणजे काय बोलायचं? मुलीचं लग्न, नारळ, शाळा, सगळं बोलून झालं. मग मामीच म्हणाली, "त्या तुझ्या सापाचा सांग. तेका म्हायत आसता काय गो, आपण कोणासारखो दिसता तां?"

इतके महिने तिच्या घरात राहून मी तिला माझं काम कधी नीट सांगितलं नव्हतं. आता सांगायला बसले, तेही तिच्या पापण्यांवरची नजर न काढता. "नाय गो. तेका कायच म्हायत नसता," मी म्हणाले. कवड्याच्या फार जुन्या पूर्वजांत सगळे काही पट्ट्यांचे नव्हते. कोणाच्या अंगावर एखादा डाग, कोणाच्या अंगावर काहीच नाही. घार वरून बघायची. ज्याच्या अंगावर थोडंसं मण्यारीसारखं काही होतं, त्याला ती एखाद्या वेळी सोडायची. जो सुटला त्याची पिल्लं झाली, पिल्लं बापावर, आईवर गेली. त्यांतही ज्याचे पट्टे जास्त ठळक तो जास्त वाचला. असं पिढ्यान्‌पिढ्या, कोणी न ठरवता.

मामीने ऐकून घेतलं. "म्हणजे सारखे दिसत होते ते रवले, नि दुसरे घारीच्या पोटात गेले."

"हां."

"मग शाणी घार म्हणूची की साप?"

"कोणच नाय."

"तू ह्या शिकाक मुंबयक गेलंस," ती म्हणाली, आणि हसली. मग हसता हसता तिचे डोळे मिटले.

"मामी, डोळे उघड."

"झाकतत ते आपसूक."

मी तिच्या पापण्यांकडे पाहिलं. त्या खाली आल्या होत्या, डावी जरा जास्त. पुस्तकात मी हे वाचलं होतं, वर्गात शिकवलं होतं. मी मामाला म्हटलं, "डॉक्टरांना बोलाव."

डॉक्टर हातात सुई घेऊनच आले. "बाई, छताकडे बघा. मान हलवू नका, नुसते डोळे." मामीने पापण्या वर ओढल्या. त्या वर राहिल्या, पण थोडाच वेळ. त्यांनी तिला पेल्यातून पाण्याचा घोट दिला. तिला ठसका लागला. पाणी पदरावर सांडलं आणि ती खोकत राहिली, छाती घरघरायला लागली.

मामा उठला. "डॉक्टर, टोचा ती सुई," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्यात विनंती नव्हती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. ही घरघर दम्याची असेल तर लस तिला मारील. घसा लुळा पडत असेल तर थांबणं तिला मारील. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. "म्हणून पुन्हा बघू." त्यांनी खोकला शमू दिला. त्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी चमच्याने पाणी दिलं, अगदी थोडं. मामीने ते गिळलं. आणखी एक चमचा. तोही गेला. "आता उशीवरून डोकं उचला आणि तसंच धरा." मामीने डोकं उचललं. मानेच्या शिरा ताणल्या, पण डोकं हललं नाही. "ठेवा. काल झोप लागली होती का?"

मामीऐवजी मामाच बोलला, आणि शाळेतलं मराठी विसरून बोलला. "काल रातभर ती निजाक नाय. दम्यान बसान होती."

डॉक्टरांनी सुई ताटलीत ठेवली, पण फडक्याने झाकली नाही. "झोप आलीय त्यांना. तरी पण बघत राहायचं."

दुपारभर ते मधूनमधून आले. वर बघा, गिळा, डोकं उचला. प्रत्येक वेळी मामी ते करायची आणि प्रत्येक वेळी ती डोकं खाली टेकेपर्यंत मी मनात आकडे मोजायचे. काका व्हरांड्यात बसून होते. कोणी सांगूनही ते घरी गेले नाहीत. उन्हं उतरल्यावर मामीने पेज मागितली. डॉक्टर स्वतः उभे राहून तिचं खाणं बघत होते. तिने वाटी पुसून खाल्ली, तेव्हा ते म्हणाले, "आता झोपू दे यांना." मग त्यांनी ताटली उचलली आणि ते आत गेले. मामा खाटेच्या पायाशी बसला आणि त्याने गुडघ्यात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला आम्ही परत आलो. काका पहाटेच पुढे आले होते आणि ढिगातली लाकडं त्यांनी एकेक करून अंगणात काढून ठेवली होती. ढिगाखाली काही सापडलं नव्हतं. म्हणजे तिथे काही नव्हतंच, की निघून गेलं होतं, ते कधीच कळलं नाही. मामीला काय चावलं, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. कवड्या, असं मी म्हणते.

पेट्या घरातून हलवायच्या, हे मामाने मला सांगितलं नाही. मीच शाळेच्या मागच्या रिकाम्या खोपीत नेल्या. नेताना मामी पडवीत आली आणि एका पेटीपाशी वाकली. आत कवड्या वेटोळं करून पडला होता. "ह्यो तर बापडो दिसता," ती म्हणाली. मी पुढे होऊन तिला पाठीवरचे खवले, शेपटीकडे पुसट होणारे पट्टे दाखवायला लागले. तिने सगळं पाहून घेतलं. मग म्हणाली, "काळोखात मी काय खवले बघीत बसतलंय? दिसलो तर मारतलंय."

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. जे पट्टे घारीपासून कवड्याला वाचवत होते, तेच त्याला माणसाच्या हातून मारत होते. घार बिचकून सोडून देते, माणूस बिचकला की लाकूड उचलतो. माझ्या मातीच्या सापांवर याची खूण उमटणार नव्हती. मुंबईला परतल्यावर मी हे माझ्या मार्गदर्शकांना सांगितलं. हे पट्टे घडले तेव्हा माणूस नव्हता, तो या प्रश्नात फार उशिरा आला, सोडून द्या, असं ते म्हणाले. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरही होतं. प्रबंधात मी माणूस घातला नाही.

गावातून निघण्याआधी मात्र शाळेच्या हेडमास्तरांनी मला बोलावलं. विषारी आणि बिनविषारी साप कसा ओळखायचा, यावर गावकऱ्यांपुढे बोला, असं त्यांचं म्हणणं. महिन्यापूर्वी मी आनंदाने फळ्यावर दोन्ही साप काढले असते. आता मी फळ्याला हात लावला नाही. मी सांगितलं, की पट्टे बघून ठरवू नका, मेलेला साप मी दिवसाउजेडी ओळखला, तरी चावला तो कोणता हे मला ठरवता आलं नाही. लाकडांत उजेड नसताना हात घालू नका. चावलं तर कापू नका, आवळू नका, झोपू नका, मालवण गाठा.

मागून एकजण म्हणाला, "आणि साप मारायचा की नाही?"

पहिल्या रांगेत मामी बसली होती, बोटाला अजून पट्टी होती. शेजारी काकांची बायको. मामीने मागे वळून त्या माणसाला सांगितलं, "पयली होडी गावता काय तां बघूचा. सापाचा मगे."

लोक हसले. काका हसले नाहीत. सभा सुटल्यावर ते माझ्यापाशी आले आणि कवडे ठेवलेल्या खोपीचं दार वाऱ्याने वाजतं, त्याला नवी कडी हवी, एवढंच बोलले. संध्याकाळी त्यांनी ती बसवून दिली.